दुसऱ्याच्या नाचात

“द्राक्षाची पानं?” हणमंतरावांनी काट्याच्या टोकाने ती हिरवी गुंडाळी उलटी केली, सुलटी केली. “आमच्याकडे ही शेळीपुढे टाकतात.”

“इथे पाहुण्यापुढे टाकतात. खा गुमान.”

त्यांनी खाल्ली. आत लिंबू पिळलेला भात, शेपू आणि कसलासा पुदिन्यासारखा पाला. मग दुसरी खाल्ली. सातवी तोंडात टाकताना म्हणाले, “वाईट नाही. पण उगाच मोठेपणा. भात तो भातच.”

सात खाऊन ‘वाईट नाही’, अशी मी मनात नोंद केली. मला नोंदी ठेवायची खोड आहे. तासगावच्या बेदाण्याच्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं काढली की बाई समोर येईल त्याची प्रतवारी करायला लागते. रंग कसा, गोडी किती, देठ राहिलाय का. नवऱ्याचीही केली होती. गोडी भरपूर, देठ शिल्लक.

ऑगस्टमधल्या रविवारची दुपार होती. ग्रीसमधल्या एगियो गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात, तुतीच्या झाडांखाली मांडलेली ही खाणावळ. खाली कोरिंथच्या आखाताचं निळं पाणी, आणि मधल्या सगळ्या उतारावर काळ्या मनुकांच्या बागा. इथल्या मनुका मिऱ्यापेक्षा जरा मोठ्या एवढ्याच, पण गोडीत आपल्या बेदाण्याला मागे टाकतील अशा. त्यांची प्रतवारी नव्याने बसवून द्यायला तिथल्या सहकारी संस्थेने मला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. हणमंतराव खताचं दुकान धाकट्या भावाच्या हवाली करून माझ्यामागून आले होते.

मागून येणं त्यांना जमत नव्हतं. तासगाव तालुक्यात त्यांच्याशिवाय वरात हलत नसे. नवरदेवाला उशीर झाला तर थांबू, हणमंत नसेल तर वाजवायचं कुणासाठी, असं बँडवाले म्हणत. इथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. आठ महिन्यांची माझी बेरीज अशी होती: शिकलेले ग्रीक शब्द चौदा, त्यांपैकी खाण्याचे अकरा. मान हलवण्यापुरत्या ओळखी सहा. घरी बोलावणं एकही नाही. गुरुवारचं परतीचं तिकीट काढून झालं होतं.

“दोन महिने जाऊन येतो,” असं ते म्हणत होते. पण जाणारा माणूस हिवाळ्याचा कोट कपाटात ठेवतो की देऊन टाकतो, यावरून काय ते समजतं. कोट त्यांनी टपालवाल्याला देऊन टाकला होता.

ते गेले की मीही दिवाळीपर्यंत मागे जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि मला जायचं नव्हतं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा चार माणसं मला ‘तुमचं मत काय’ असं विचारत होती आणि उत्तर संपेपर्यंत थांबत होती. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते राहिले असते, आणि रोज खिडकीत बसून मला राहून दाखवलं असतं.

त्या दिवशी आम्हाला जेवायला घेऊन आली होती एव्दोकिया. ती माझ्याबरोबर प्रयोगशाळेत काम करायची. पन्नाशीची, विधवा, आणि जिभेला हाड नाही. हणमंतरावांना निरोपाचं जेवण म्हणून तिने टेबल भरून टाकलं होतं. कोकराचं मटण कागदात बांधून भट्टीत चार तास ठेवलेलं. दुधी भोपळ्याच्या कुळातल्या कसल्या तरी भाजीचे पातळ कुरकुरीत काप. आणि एका बशीत पिवळं घट्ट काहीतरी, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल.

हणमंतरावांनी चाखलं आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं. “कुंदा, हे वरण आहे.”

“त्याला फावा म्हणतात.”

“नाव काहीही ठेवू देत. वरण आहे, आणि त्यात हिंग नाही. यांना कुणी सांगितलंच नाही वाटतं.”

“काय म्हणतोय?” एव्दोकियाने विचारलं.

“आवडलं म्हणतोय.”

“एवढं मोठं वाक्य?”

“आमच्यात आवडलं असं सरळ सांगत नाहीत.”

तेवढ्यात वाजवणारे आले. बुझुकीवाला, त्याचा गिटारवाला भाचा आणि साठीची एक गाणारी बाई. बुझुकी म्हणजे लांब मानेचं, तंतुवाद्यातलं बडबडं वाद्य. बाईने पर्स खुर्चीला अडकवली, चष्मा काढून ठेवला आणि भाजीवाल्याशी बोलावं तशा आवाजात गायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला तो आवाज असा काही खाली उतरला की माझा काटा बशीतच राहिला. शब्द निम्मेच कळत होते. त्याने काही बिघडत नव्हतं.

हणमंतराव टेबलाच्या कडेवर बोटांनी काहीतरी मोजत होते. लहानपणी ते हलगी वाजवायचे.

“नऊ,” ते म्हणाले. “दोन, दोन, दोन आणि मग तीन. शेवटी लंगडतंय बघ. मुद्दाम लंगडतंय.” आठ महिन्यांत त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. मी नोंद केली, आणि उशिरा झालेल्या नफ्यासारखी ती मला टोचली.

“या चालीवर एकट्याने नाचतात,” एव्दोकिया मला सांगायला लागली. “माणूस आपलं गाणं सांगतो, मधे जातो आणि नाचतो. ते गाणं संपेपर्यंत ती जागा त्याची. दुसऱ्याने उठायचं नाही. माझ्या आजोबांच्या काळात यावरून सुरे निघालेत.”

मी ते हणमंतरावांना मराठीत सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, हे मी शपथेवर सांगेन.

“एकट्याने?” ते म्हणाले. “मग बाकीच्यांनी काय करायचं?”

“भोवती गुडघे टेकून टाळ्या वाजवायच्या.”

“आणि त्याला दम लागला तर?”

“लागू दे. त्याचा नाच, त्याचा दम.”

“हे काही खरं नाही,” म्हणून त्यांनी आठवी गुंडाळी उचलली.

पलीकडच्या टेबलावर कीर पांडेलिस बसला होता. कीर म्हणजे तिकडचं ‘राव’, फक्त नावाच्या आधी लागतं. वय चौऱ्याहत्तर, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. तरुणपणी जहाजावर होता, त्यामुळे जगातल्या सगळ्या बंदरांवर पुरेल एवढं मोडकं इंग्रजी त्याला यायचं. मनुका गावात एक नंबर. स्वभाव, माझ्या प्रतवारीत, निवडून बाजूला काढावा असा. ओलावा जास्त म्हणून त्याचा माल मी दोनदा परत पाठवला होता, तेव्हापासून तो माझ्याशी माझ्या वजनकाट्याकडे बघून बोलायचा.

“शेजारी बसलाय तो त्याचा मुलगा, स्ताथिस,” एव्दोकिया आवाज खाली आणून म्हणाली. “अथेन्सहून आलाय. म्हातारा एकटा राहतो, एकटा बाग बघतो, हे मुलाला पटत नाही. चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन ठेवलाय त्याच्यासाठी. या सुगीत म्हातारा धडधाकट दिसला तर ठीक, नाहीतर सप्टेंबरमध्ये सामानासकट उचलून नेणार.”

“आणि म्हातारा?”

“म्हातारा आज नाचणार बघ. मुलापुढे परीक्षा आहे ना.”

आणि खरंच, पांडेलिस उठला. बुझुकीवाल्याच्या कानात काही बोलला. टेबलं मागे सरकली. चार-सहा जण गोल करून एका गुडघ्यावर बसले. हणमंतरावही जाऊन त्यांच्यात बसले, बशीत मटण तसंच टाकून. ते पाहून मला बरं वाटलं. निदान टाळ्या तरी वाजवतील, म्हटलं.

पांडेलिसने हात पसरले. घार वरून काही शोधत असावी तसा तो मान खाली घालून फिरायला लागला. पाय टाकायचा, थांबायचा, पुन्हा टाकायचा. त्यात दाखवणं काही नव्हतं. बाजारात सगळ्यांवर खेकसणारा हा माणूस, आणि इथे जणू त्याच्याभोवती कुणीच नव्हतं. स्ताथिस हाताची घडी घालून बघत होता. गाणारी बाई डोळे मिटून होती.

मग पांडेलिस खाली बसला. पार खाली, उकिडवा, आणि तळहात जमिनीला लावला. लोकांनी “ओपा” म्हणून दाद दिली. तो तसाच राहिला. बुझुकीवाल्याने तोच तुकडा पुन्हा वाजवला. पांडेलिसची मान खाली होती, हात जमिनीवर होता. एव्दोकियाने डोळे पुसले. “बायको आठवली असेल,” ती पुटपुटली. तुकडा तिसऱ्यांदा सुरू झाला.

आणि आमचे हणमंतराव उठले.

खिशातून रुमाल काढला, एक टोक दातात धरलं, दुसरं हातात, आणि तासगावच्या वेशीत घ्यायचे तशी नागिणीची गिरकी घेऊन ते रिंगणाच्या मधोमध पांडेलिसच्या समोर उकिडवे बसले. खांदे हलवले. फणा काढला. मी तोंडावर हात घेतला, पण बोटांच्या फटीतून दिसायचं ते दिसलंच. त्यांनी पांडेलिसच्या काखेत कोपर अडकवलं आणि त्या शेवटच्या लंगड्या तीन मात्रांवर दोघंही गिरकी घेत वर आले.

बुझुकी थांबली. सगळंच थांबलं. स्वयंपाकघरातून कढईचा आवाज तेवढा येत होता.

पांडेलिसने कोपर झटकलं. चेहरा पांढरा पडला होता. “तुला कुणी बोलावलं?” तो इंग्रजीत ओरडला, आणि मग ग्रीकमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “माझा नाच! माझ्या बायकोचं गाणं! हे कुठलं माकड इथे आणून सोडलंय?”

हणमंतराव रुमाल हातात घेऊन उभे. “सॉरी,” ते म्हणाले. “इंडिया. सगळे नाचतात.”

पांडेलिस सावकाश, एकेक पाऊल मोजत, आपल्या टेबलाकडे गेला आणि लोकांकडे पाठ करून बसला. स्ताथिस उठून आमच्याकडे यायला निघाला होता, त्याला बापानेच हात धरून बसवलं. एव्दोकियाने खुर्ची माझ्यापासून बोटभर लांब सरकवली. गेले आठ महिने माझं मत विचारणारी चार माणसं तिथे होती. चौघांनीही माझ्याकडे पाहिलं आणि मग आपापल्या ताटात.

घरी जाताना डोंगराच्या वळणावर मी गाडी थांबवली. “मी सांगितलं होतं ना तुम्हाला? एकट्याने नाचतात म्हणून?”

“सांगितलं होतंस.”

“मग?”

“विसरलो. ढोल वाजला की पाय राहत नाहीत.”

“तिथे ढोल नव्हता.”

“गुरुवारी जातोच आहे मी,” ते म्हणाले. “मी गेलो की विसरतील.”

यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, आणि उलट काही बोलले नाहीत. आमच्या संसारात ते एकदाच घडलं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सोमवारी सकाळी दार वाजलं. पांडेलिस. हातात पिशवी नाही, चेहऱ्यावर हसू नाही. शेजारणी गॅलरीत आल्या होत्या, आणि त्या आल्यात याची खात्री करून घेतल्यावर तो बोलायला लागला.

“तुझा नवरा कुठे आहे?”

“कीर पांडेलिस, मी त्यांच्या वतीने...”

“माफी नको. माफीने मनुका सुकत नाहीत. माझा नाच खाल्लाय त्याने, भरपाई करू दे. उद्या सकाळी सहाला माझ्या खळ्यावर पाठव. मनुका वरखाली करायच्यात. दमेपर्यंत काम करवून घेणार आहे, सांगून ठेवतो.”

“उतरला बाई राग थोडा,” समोरची शेजारीण मला नंतर म्हणाली. “शिक्षा बरी आहे. उन्हात वाकून वाकून अद्दल घडेल.”

मी भीतभीतच हणमंतरावांना सांगितलं. वाटलं, आता भडकतील. ते म्हणाले, “सहाला? मग पावणेसहाला निघतो.” रात्री त्यांनी जुनी विजार काढून ठेवली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा गजर लावला.

मंगळवारी दहाच्या सुमाराला मला त्याच खळ्यावर नमुना घ्यायला जायचं होतं. खळं म्हणजे डोंगराच्या उतारावर दगडाने बांधून काढलेली सपाट जागा, तिच्यावर अंगणभर मनुका पसरलेल्या. कठड्यापाशी पोचले तेव्हा खालच्या वळणावर स्ताथिसची निळी गाडी चढताना दिसली. मी आत पाहिलं.

खळ्याच्या पार टोकाला दोघं उकिडवे बसले होते, समोरासमोर, मधे मनुका. पांडेलिसचा उजवा पाय वाकडा पसरला होता आणि चेहरा रविवारसारखाच पांढरा होता. तो उठायला गेला, अर्ध्यात पोचला, परत बसला. हणमंतरावांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मनुका चिवडत राहिले, जणू काही हरवलंय. मग कोपर पुढे केलं. पांडेलिसने त्यात हात घातला.

“दोन,” हणमंतराव मराठीत मोजत होते. “दोन. दोन. आणि...”

नाही जमलं. दोघेही परत खाली बसले.

तुतीखालची ती दुपार माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यापासून पुन्हा उलगडली. जमिनीला लावलेला तळहात. तीनदा वाजलेला तुकडा. एकेक पाऊल मोजत टेबलाकडे गेलेला म्हातारा. अख्खं गाव डोळे पुसत होतं, आणि प्रतवारी करणारी बाई बोटांच्या फटीतून बघत होती. आपल्याकडच्या वराती मी काही कमी पाहिल्या नाहीत. नागीण नाचणारा कुणी व्याही जमिनीवर गेला आणि उठेना, की त्याला उठवतात, पण उठवलं असं दिसू देत नाहीत. दुसरा एक जण स्वतः खाली बसतो आणि त्याच्याहून जास्त वेडा होतो. लोक मग त्या दुसऱ्यालाच हसतात.

हे त्यांनी मला त्या वळणावर सांगितलं नव्हतं. मी एवढं बोलले, तरी नाही.

मागे गाडीचं दार वाजलं.

“कालीमेरा,” स्ताथिसने नमस्कार केला. “बाबा आहेत ना आत?”

वाईट मुलगा नव्हता तो. पुढे पांडेलिसने सुगी आटपल्यावर स्वतः जाऊन डॉक्टरला गुडघा दाखवला, तेव्हा महिनाभर रजा टाकून हाच त्याच्या उशाशी बसला. पण ते पुढचं. त्या क्षणी त्याच्यात आणि खळ्यात फक्त मी उभी होते.

“आहेत,” मी म्हणाले. “पण आधी इकडे या. ओलाव्याची भानगड आहे.”

“कसली भानगड?”

मी यंत्र काढलं. मूठभर मनुका घेतल्या, भरल्या, आकडा आला. तो चांगला होता, इतका चांगला की गावात कुणाचा आला नव्हता. “हं,” मी म्हणाले आणि कपाळाला आठ्या घातल्या. “पुन्हा बघायला हवं.”

पुन्हा बघितलं. तोच आकडा. यंत्राची बॅटरी काढली, पुसली, घातली. स्ताथिस माझ्या खांद्यावरून खळ्याकडे बघायला लागला, तशी मी सरकून त्याच्यासमोर आले.

“देठ बघताय?” मी विचारलं.

“कुठले देठ?”

“राहिलेले. शंभरात किती राहतात यावर सगळं असतं. आपण मोजू. तुम्ही घ्या ही पन्नास, मी ही पन्नास घेते.”

अथेन्सच्या कुठल्याशा विमा कंपनीत साहेब असलेला तो माणूस भर उन्हात माझ्यासमोर कठड्यावर मनुका मोजायला लागला. अकरा, बारा, तेरा. मागून काही ऐकू येईना. सत्तावीस, अठ्ठावीस. मी मुद्दाम चुकले आणि पहिल्यापासून सुरू केलं.

“बाई, तुम्हाला बरं वाटतंय ना?” स्ताथिसने विचारलं.

तेवढ्यात खळ्याच्या टोकाकडून गर्जना आली. “अरे गाढवा! फावडं असं धरतात? कुणी शिकवलं तुला, शेळीने?”

इतकी गोड शिवी मी आजपर्यंत ऐकलेली नाही. मी वळून पाहिलं. पांडेलिस उभा होता, ताठ, लाकडी फावड्यावर रेलून, आणि हणमंतराव त्याच्यासमोर खाली मान घालून शिव्या खात होते.

“द्या टाकून,” मी स्ताथिसच्या हातातल्या मनुकांकडे बोट दाखवलं. “माल एक नंबर आहे.”

आम्ही दोघं आत गेलो. पांडेलिसने मुलाला जवळ येऊ दिलं, मग माझ्या नवऱ्याकडे हात केला.

“हा बघ,” तो म्हणाला. “याला काही म्हणजे काही येत नाही. चार तासांत चार ओळी. हा गुरुवारी जातो म्हणतो. कुठे जातो? अख्खी सुगी लागेल याला शिकवायला. आणि पुढच्या वर्षीची वेगळी.” मग माझ्याकडे, पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघत, “सांग त्याला.”

हणमंतराव घामाने निथळत होते. गुडघ्यांना मनुका चिकटल्या होत्या. “काय म्हणतोय गं?”

“तुम्हाला काही येत नाही म्हणतोय. पुढच्या वर्षीपर्यंत शिकवावं लागेल म्हणतोय.”

त्यांनी खळ्यावर एक नजर फिरवली, फावडं उचललं, आणि पांडेलिसच्या डोळ्यांदेखत पुन्हा उलटंच धरलं.

“त्याला विचार,” ते म्हणाले, “दुपारी जेवायला काय आहे.”